भुकटीवरची बोटं

१० जानेवारी १९५५

इंदापुराहून सरकारी गाडी आली आन् चावडीपुढं पुठ्ठ्याचे चार डबे उतरवून गेली. आत पांढरी भुकटी. ग्रामसेवक सावळाराम म्हणतो, "आजी, हे दूध हाय."

म्या म्हणलं, कुठल्या म्हशीचं रं? पीठ देणारी म्हस आमाला बी बघू दे! समदे हसले. त्यो न्हाय हसला.

सहा वर्साखालच्या पोरांना रोज सकाळी एकेक पेला. समद्या पोरांना. फुकट!

फुकट म्हणलं की मी आधी हात मागं घेते. सरकार कधी फुकट देतंय व्हय? आधी पाजणार, मग पोरं मोजणार, मग डोक्यामागं कराची पट्टी बसवणार. लिवून ठिवते. मागनं कुणी म्हणू नये म्हातारीला कळलं न्हाय.

१२ जानेवारी

शेजारच्या गेणूच्या बायकोनं मूठभर भुकटी मागून नेली आन् कालवून चुलीला पोतेरा दिला. म्हणती, चुन्यापरास ग्वाड बसली. आता घरभर आंबूस वास. नवरा अंगणात जेवतोय.

१५ जानेवारी

दूध कालवायला बाई पाह्यजे. सावळारामानं माझं नाव सांगितलं — का, तर साक्षरतेच्या वर्गात शेवटपातुर टिकलेली म्हातारी मी एकलीच. लोणी लावतोय. पर म्या व्हय म्हणलं. लांबून संशय घेण्यापरास जवळ बसून घेतलेला बरा.

चावडीशेजारच्या खोलीला कुलूप. किल्ली माझ्या कमरेला. झाडलोटीला महारवाड्यातली दगडाबाई.

१७ जानेवारी

पयला दिवस. बत्तीस पोरं. जर्मन धातूचे नवे पेले. महारवाड्यातली नऊ पोरं म्या येगळी बसवली. सावळाराम धावत आला — "आजी, वळ एकच. नियम हाय. येगळी बसवली तर डबे दुसऱ्या गावाला जातील."

नियम! हिरीवर पानी शेंदताना कुठं झोपतो ह्यो नियम?

वळ एक केली. पर त्या नऊंचा पेला हातात न्हाय दिला, भुईवर ठिवला. सावळारामानं बघितलं. दगडाबाईनं बी बघितलं.

तिचा सिद्धू चार वर्साचा. पायाच्या काटक्या, भिंत धरून चालतो. पेला दोन्ही हातांनी धरला, बूड दिसंपातुर सोडला न्हाय.

आमची नात सारजी बी प्याली. दारात चार म्हशी. समदं दूध माझा लेक महिपती सायकलवर बारामतीच्या हाटेलांना घालतो, आन् घरची पोर सरकारची भुकटी पिती! बोलले त्याला. म्हणाला, "आई, दूध इकायला असतं."

३ फेब्रुवारी

सिद्धू आज भिंत सोडून पळाला. पडला. उठला, परत पळाला, माझ्या गुडघ्यावर आदळला. पेला माझ्या हातातनंच घेतला त्यानं. मी ठिवायच्या आत. कुणी बघितलं न्हाय.

६ फेब्रुवारी

भुकटी लई लवकर सरतीया. पोरं तेवढीच, माप तेवढंच. मग डबा खाली कसा जातो? कुणीतरी हात मारतंय. म्हणलंच हुतं म्या — सरकारी डबा आन् त्याला भोक न्हाय, असं हुईल का!

आज खळ्यावरची रीत केली. भुकटी हातानं सपाट केली आन् वर पाची बोटं उमटवून झाकण लावलं. धान्याच्या राशीला करतो तसं. कुणी वरपलं की सकाळी कळतंय.

७ फेब्रुवारी

बोटं गेली.

९ फेब्रुवारी

आज बी गेली. सावळारामावर डोळा हुता माझा, पर त्याच्यापाशी किल्ली न्हाय. खोलीत आम्ही दोघीच जातो. मी, आन् झाडायला दगडाबाई. मी माझी चोरी करीन व्हय?

१० फेब्रुवारी

चावडीवर समद्यांदेखत बोलले. दगडे, भुकटी कुठं नेतीस?

तिनं केरसुणी खाली ठिवली. म्हणाली, "आईसाब, तुमच्या खळ्यावर सात सुगी रास राखली म्या. बोटं उमटवायची रीत मला न्हाय व्हय ठावं? म्या नेली असती तर जाताना बोटं परत उमटवून गेली असती."

पोरं हसाय लागली. मला राग आला. म्हणलं, चोराच्या उलट्या बोंबा! ती सिद्धूला काखेत मारून गेली. त्याचा पेला भरलेला तसाच राह्यला.

तिचं बोलणं पटण्यासारखं हुतं. पर पटण्यासारखं बोलणारी चोर नसती, असं कुठं लिवलंय?

१४ फेब्रुवारी

महारवाड्यातलं एक बी पोर येत न्हाय. चार दिस झाले. गावातली काही म्हणत्यात, बरं झालं, वळ आपली आपल्याला.

सावळाराम तोंड पाडून बसलाय. पंचवीस तारखेला इंदापूरचा साहेब येणार. ती नऊ पोरं वळीत दिसली न्हाईत तर डबे उचलणार — समद्यांचेच. म्हणाला, "आजी, सरकारनं खर्च केला त्यो समद्या पोरांसाठी. निम्म्या गावासाठी न्हवं."

म्या म्हणलं, आन् चोरासाठी केला व्हय?

१८ फेब्रुवारी

कॅनॉलवर धुण्याला गेले. दगडाबाई पलीकडं. सिद्धू दगडावर बसलेला. बसूनच. मला बघून त्यानं हात पुढं केला. तिनं त्यो हात खाली दाबला.

आज धुणं नीट निघालं न्हाय.

२० फेब्रुवारी

दगडाबाईनं दहा दिस खोलीत पाय ठिवला न्हाय. बोटं आज बी गेली.

२१ फेब्रुवारी

सून शिंधू माहेरी बावड्याला गेली, आईला बरं न्हाय म्हणून. चूल माझ्याच गळ्यात. महिपतीला म्हणलं, दुधाच्या किटल्या आण, घासते. "नको आई, माझ्या मी धुतो." एवढा मोठा झाला, आजवर आपलं ताट उचललं न्हाय ह्या लेकानं.

२३ फेब्रुवारी

महिपती रानात गेल्यावर किटल्या म्याच काढल्या. बुडाला पांढरं गोळं चिकटलेलं. चाखलं. महिनाभर पोरांना कालवून घालतीया, चव वळखायला डोळं कशाला पाह्यजेत?

रानात जाऊन इचारलं. मान खाली. "पानी घातलं की दूध पातळ दिसतं, आई. भुकटी टाकली की दाट हुतं. दुपारी तू पडतीस तवा किल्ली उशाशीच असती."

तशीच महारवाड्यात गेले. जन्मात पयल्यांदा. दगडाबाईच्या दारात उभं राहून म्हणलं, चोर माझ्या पोटचा हाय.

तिनं बस म्हणलं न्हाय. म्हणाली, "मला कशाला सांगताय? मला ठावंच हुतं, मी न्हवं म्हणून. जितं मला चोर केलं तितं जाऊन सांगा."

चावडीवर येऊन बसलीया. माणसं जमायचीत. महिपतीला बलावलंय.