बघण्यासारखं गाव

जहाजावरून,
४ सप्टेंबर

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. जहाज डोलतंय, त्यामुळे अक्षर आणि नमस्कार दोन्ही जरा तिरके पोचतील. फोनच केला असता, पण समुद्रातून फोन लागला की तू ऐकू येतंय का, ऐकू येतंय का एवढंच ओरडत बसतेस.

बातमी अशी, की पुढच्या महिन्यात आमचं जहाज एक दिवस तुमच्या बंदराला लागणार आहे. एवढं मोठं प्रवासी जहाज तुमच्याकडे कशाला, असं काका विचारतीलच. आमच्या नेहमीच्या बंदराचा धक्का दुरुस्तीला काढलाय, म्हणून. जहाज लागलं की प्रवाशांनी दिवसभर उतरून काय बघायचं ते ठरवणं हे माझं काम. दर बंदराचं आमच्याकडे छापील पत्रक असतं. तुमच्या बंदराच्या पत्रकात दोनच शब्द आहेत, मोकळा वेळ.

आमच्या मॅडम परवा मीटिंगमध्ये म्हणाल्या, की अशा ठिकाणी लोक उतरत नाहीत, खोल्यांमध्ये झोपून राहतात आणि संध्याकाळी तक्रार करतात, तेव्हा हे बंदर गाळलेलंच बरं. मी काही विचार न करता बोलून बसले, की तिथे माझी आत्या राहते, ती झकास सहल आखून देईल. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आत्या, आता माझी लाज तुझ्या हातात!

प्रवासी बहुतेक निवृत्त, कुरकुरत्या गुडघ्यांचे. फार चढ नको, उन्हात ताटकळणं नको आणि जिथे थांबतील तिथे स्वच्छ संडास हवा. हसू नकोस. इतकी वर्षं हे काम करतेय, म्हणून सांगते, लोक देखावा विसरतात, संडास विसरत नाहीत.

काका रिटायर होऊन रुळले का घरात? ते कळव आणि हो म्हण. तुझी माया गृहीत धरूनच मी मीटिंगमध्ये तोंड उघडलं होतं.

तुझी,
टिकली

---

घरून,
१५ सप्टेंबर

चि. टिकलीस अनेक आशीर्वाद, आणि त्याआधी पाठीत एक धपाटा.

अगं, मी लाँड्री चालवते. कोणत्या शर्टाला किती कांजी लागते ते मला विचार. सहल कशी आखतात ते मला काय ठाऊक? पण तुझं पत्र दुकानातच उघडलं आणि शेजारच्या बेकरीवालीनं ते माझ्या खांद्यावरून वाचलं, त्यामुळे दुपारपर्यंत गावभर झालं. आता नाही म्हणायची सोय राहिली नाही.

ज्याला विचारावं तो म्हणतो, आपल्याकडे बघण्यासारखं आहे काय? न्हावी म्हणाला, समुद्र. मी म्हटलं, ते समुद्रातूनच येताहेत. तुझ्या काकांना विचारलं, तर त्यांनी खिडकीतून मान न वळवता सांगितलं, की मी उभी हयात या गावातून बस चालवली, रस्त्यातले खड्डे सोडले तर एकही गोष्ट मान वळवून बघावी अशी दिसली नाही.

रुळले का विचारतेस. नाही रुळले. सकाळी दाढी करतात, इस्त्रीचा शर्ट घालतात आणि खिडकीत बसतात, ते जेवायलाच उठतात. मी बोलले तर हुंकार. पूर्वी घरी आल्यावर दिवसभराचं सगळं सांगायचे, मी कंटाळून झोपी जायची. आता जागी राहते, तर सांगत नाहीत. असो. तुला काळजी लावायला लिहीत नाही.

तुझ्या गुडघ्यांच्या अटीवर मी तोडगा काढला. सासूबाईंना मोजपट्टी म्हणून बरोबर नेलं. त्या जिथे चढतील तिथे तुझे प्रवासीही चढतील. दोरखंडाच्या कारखान्यात गेलो. तिथल्या लांबलचक शेडमध्ये माणसं उलटी चालत चालत दोर वळतात. सासूबाई बाकावर बसल्या त्या उठेनात, म्हणाल्या, हा माणूस भिंतीपर्यंत पोचल्याशिवाय मी येणार नाही. मग दीपगृहाची टेकडी. वर अंगणापर्यंत गाडी जाते. सासूबाईंनी इतकी वर्षं या गावात काढली, पण या टेकडीवर कधी आल्या नव्हत्या. मीही शाळेत असताना एकदाच गेले होते. दोघी बराच वेळ कठड्याला धरून उभ्या होतो.

संडास दोन्हीकडे आहेत. दीपगृहातला मी स्वतः घासून घेतला. तर अशी सहल. धक्का, दोरखंडाचा कारखाना, बेकरीची भट्टी, टेकडी. तुझ्या मॅडमला आवडली तर ठीक, नाहीतर आम्ही दोघी फिरून आलो हा फायदा.

जेवत जा. मायेत खंड नाही, एवढं समजून अस.

तुझी,
आत्या

---

जहाजावरून,
२४ सप्टेंबर

ती. आत्यास,

शिरसाष्टांग, तोही इतका मोठा की शेजारच्या बर्थवरची मुलगी दचकून उठली.

सहल मंजूर! उलट्या चालणाऱ्या माणसाचं वाचून मॅडम चक्क हसल्या. काउंटरवर चाळीस जणांनी नावं दिलीत. त्यांत शिवणकाम करणारं एक म्हातारं जोडपं आहे. तुझी लाँड्री बघायला मिळेल का, असं त्यांनी दोनदा विचारलं. बघ, लोक कशासाठी एवढ्या लांब येतात ते.

आता एकच अडचण. बसमध्ये माइक धरून बोलणारं कोणीतरी हवं. हे काय, ते काय, इथे कोण राहतं, एवढंच. भाषेची काळजी नको, आमचा दुभाषी बसमध्ये असेल. मी तुझं नाव देऊन टाकलंय. रागावू नकोस.

मला मात्र उतरता येणार नाही बहुतेक. बंदराच्या दिवशी काउंटर बंद ठेवत नाहीत. खरं सांगू का, इतकी बंदरं झाली, पण त्यातली बरीचशी मी काउंटरच्या गोल खिडकीतूनच बघितली आहेत. तुझं गावही तसंच बघेन. खिडकीतून हात करीन, बघशील ना?

काकांबद्दल वाचून वाईट वाटलं. त्यांना बसमध्ये नुसतं बसायला तरी ने.

आशीर्वाद आहेतच, त्यात कंजूषपणा नको.

टिकली

---

घरून,
५ ऑक्टोबर

चि. टिकलीस आशीर्वाद (कंजूषपणा न करता).

माइक! चार बायकांत बोलायची वेळ आली की मी उठून चहा टाकायला जाते आणि तू मला माइक देतेस. रोज दुकान बंद केल्यावर इस्त्रीच्या गठ्ठ्यासमोर उभी राहून बोलून बघते. आपल्या डाव्या हाताला धक्का, असं म्हणते आणि उजवा हात दाखवते. गठ्ठ्यानं अजून तक्रार केली नाही.

काल मात्र गंमत झाली. घरात म्हणून बघत होते, की हा बसचा पहिला थांबा, इथे विशेष काही नाही. खिडकीतून आवाज आला, विशेष नाही कसं? हे म्हणाले, की त्या थांब्यावर एक बाई रोज पहिल्या बसला धावत यायची, एक चप्पल पायात आणि एक हातात, आणि ती दिसेपर्यंत मी गाडी हलवायचो नाही. मग पुढचा थांबा. तिथला पोस्टमन आणि नर्स. पहिल्या वर्षी दोघं दोन टोकांना बसायचे, मग मधल्या बाकांवर, मग एका बाकावर, आणि एके दिवशी त्यांच्या मांडीवर मूल. जेवण गार झालं तरी हे सांगत होते. मी काही उठले नाही.

सकाळी म्हटलं, मग तुम्हीच का नाही माइक धरत? तर म्हणाले, की मी ड्रायव्हर आहे, पोपट नाही. शिवाय डेपो बस देणार, ती चालवणार नवा ड्रायव्हर, आणि दुसरा चालवत असताना आपण मागे बसायचं हे त्यांना जमणार नाही. विषय संपला. पण आज केस कापून आलेत, ते कशासाठी ते मी विचारलं नाही.

बारा तारखेला सगळे सकाळीच धक्क्यावर असू. तू खिडकीत ये. मी हात करीन, आणि सासूबाई तर दोन्ही हात करतील.

तुझी वाट बघणारी,
आत्या

---

जहाजावरून,
१२ ऑक्टोबर

ती. आत्यास,

नमस्कार. काय लिहू? वारा एवढा होता, की कप्तानानं दोनदा प्रयत्न केला, पण जहाज धक्क्याला लागेना. मग घोषणा झाली, की आजचं बंदर रद्द. मी डेकवर पळत गेले. धक्क्यावर तुमची निळी बस दिसत होती, तिच्याजवळ माणसंही दिसत होती, पण त्यात तू कोणती ते कळेना. मी हात करत राहिले. मग आम्ही वळलो.

तू दीपगृहाचा संडास घासलास, बेकरीवालीनं पहाटे उठून पाव भाजले असतील, आणि हे सगळं मी मीटिंगमध्ये तोंड उघडलं म्हणून. प्रवासी दिवसभर जहाजावरच्या बैठकीच्या दालनात पत्ते खेळत होते. मॅडम मला काही बोलल्या नाहीत, पण हे बंदर आता यादीत राहील असं वाटत नाही.

रागावली असलीस तरी लिही. रागाचं पत्रही चालेल.

तुझी,
टिकली

---

घरून,
१३ ऑक्टोबर

चि. टिकलीस अनेक अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र यायचंय, पण तू रडत असशील हे मला न वाचताही कळतं. डोळे पूस आणि नीट वाच.

जहाज वळलं तेव्हा आम्ही सगळे धक्क्यावरच उभे होतो. बेकरीवाली टोपल्यांवरचं फडकं उगीच सारखं करत होती. मला तर सुटल्यासारखं वाटलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम. बंदरातला कारकून येऊन म्हणाला, की येणार नाही जहाज, घरी जा.

सासूबाई मात्र बसमध्ये पहिल्या बाकावर बसून होत्या. त्यांना उतरा म्हटलं, तर म्हणाल्या, का म्हणून? मी सहलीला आलेय. मी समजावलं, की सहल प्रवाशांची होती. त्या म्हणाल्या, मग मी कोण आहे? नवा ड्रायव्हर हसला आणि म्हणाला, की बस संध्याकाळपर्यंत आपल्याकडेच आहे, मला काय, मी नेतो. बेकरीवालीनं टोपल्या आत सरकवल्या आणि स्वतः चढली. तिच्यामागून न्हावी, मग धक्क्यावरचे हमाल, मग नुसते बघायला आलेले. कारकूनही कुलूप लावून आला. बस भरली.

मी माइक घेतला. म्हटलं, आपल्या डाव्या हाताला. पुढचं काही आठवेना. तेवढ्यात हे खालून चढले. नवा ड्रायव्हर उठून आपली जागा द्यायला लागला, तर ह्यांनी त्याला खांद्याला धरून परत बसवलं, माझ्या हातातून माइक घेतला, आणि सगळ्यांकडे तोंड, रस्त्याकडे पाठ करून उभे राहिले. म्हणाले, की आयुष्यभर मी तुम्हा लोकांना आरशात बघितलं, आज समोरून बघतो.

मग काय सांगू! प्रत्येक थांब्याला गोष्ट. चप्पल हातात घेऊन धावणारी ती बाई म्हणजे आपली बेकरीवालीच निघाली. तिनं तोंड झाकून घेतलं आणि सगळी बस टाळ्या वाजवायला लागली. न्हाव्याला त्यांनी सांगितलं, की तुझे वडील रोज रिकाम्या बसला सलाम करायचे, कारण त्यांना चष्म्याशिवाय आत कोणी आहे की नाही ते दिसत नसे. न्हावी हसता हसता डोळे पुसत होता. कारखान्यात दोर वळणारा उलटा चालत भिंतीला पोचला, तेव्हा आपल्याच गावच्या माणसांनी त्याला शाबासकी दिली. तो लाजून लाल. म्हणाला, रोज हेच करतो, आजवर कोणी बघितलं नव्हतं.

टेकडीवरून तुमचं जहाज दिसलं, इवलंसं, शर्टाच्या बटणाएवढं. आम्ही सगळ्यांनी हात केले. पाव तिथेच फस्त केले.

रात्री हे बोलत होते. मी ऐकता ऐकता झोपी गेले, पूर्वीसारखी. आज सकाळी खिडकी रिकामी होती. डेपोत गेलेत, नव्या ड्रायव्हरला वळण कुठे घ्यायचं ते सांगायला.

तेव्हा तुझी लाज गेली की राहिली ते तुझी मॅडम जाणे, माझं घर मात्र पुन्हा बोलतं झालं. 

तुझ्यावर न रागावलेली,
आत्या

---

जहाजावरून,
२८ ऑक्टोबर

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. तुझं पत्र मी काउंटरवर उभ्यानंच वाचलं, हसले, मग रडले, मग शिवणकामवाल्या आजींनी काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा त्यांना सांगितलं. त्यांनी ते जेवणाच्या टेबलावर सांगितलं. दुसऱ्या दिवशी काउंटरपुढे रांग. काय तर म्हणे, त्या बसवाल्या काकांची सहल पुन्हा कधी? ते जोडपं आणि आणखी बरेच जण पुढच्या फेरीसाठीही जहाजावरच राहणार आहेत.

मॅडमनी रांग बघितली. नेहमीच्या बंदराचा धक्का अजून दुरुस्त व्हायचाच आहे. तेव्हा वीस नोव्हेंबरला आम्ही परत येतोय आणि वारा पडलेला असेल अशी आशा. आणि आता खाली बस आणि ऐक. मॅडम म्हणाल्या, त्या दिवशी काउंटरवर मी बसते, तू उतर. मी दोनदा विचारलं, खरंच म्हणताय ना?

चाळीस जागा धर. एकेचाळीस. 

काकांना नमस्कार, तुझ्या सासूबाईंना दोन्ही हातांनी.

टिकली

---

घरून,
९ नोव्हेंबर

चि. टिकलीस आशीर्वाद.

घाईत लिहितेय, दुकानात गठ्ठा पडलाय. तुझं पत्र आलं, पण उशिरा आलं. बारा तारखेच्या बसमध्ये ज्यांना जागा मिळाली नव्हती ते सगळे गाववाले त्याआधीच ह्यांना भेटून, पुढची सहल कधीही निघो, म्हणून नावं देऊन गेलेत. डेपोनं दुसरी बस द्यायची कबूल केलीय, तरी पहिल्या बसमध्ये हे बोलणार म्हणून तिथेच गर्दी. तुझ्या लोकांसाठी त्यात मी भांडून बारा जागा सोडवल्या. त्यांतल्या दोन शिवणकामवाल्यांच्या. बाकीच्यांना दुसऱ्या बसमध्ये बसावं लागेल, आणि तिथे माइकवर मी.

हो, मी. रोज संध्याकाळी बेकरीवालीसमोर बोलते. ती गठ्ठ्यापेक्षा बरी, चुकलं की हसते. डावा हात आता डावीकडेच जातो.

गरम कपडे घालून उतर, टेकडीवर वारं लागतं. आणि कोणत्या बसमध्ये बसायचं ते तुझं तू ठरव. मी एका शब्दानं काही म्हणणार नाही. पण मागे बसलेल्यांत तू आहेस की नाही, ते मला माइक हातात घेतल्याबरोबर कळेल.

माया आहे तेवढीच आहे, आता फक्त धक्क्यावर येऊन घेऊन जा.

तुझी,
आत्या