हॅगर्टीच्या ओढ्यातले मासे

टेल्क्वा,
४ ऑक्टोबर २०१०

चि. हिल्के हिस अनेक आशीर्वाद.

तू लिहीत नाहीस म्हणून म्हाताऱ्यालाच पेन उचलावं लागलं. माझी तब्येत ठीक आहे. डाव्या गुडघ्याबद्दल डॉक्टरीणबाई म्हणतात, बदलून टाका. मी म्हटलं, बाई, ट्रकचा गिअरबॉक्स बदलायचा राहिलाय, त्याचा नंबर आधी. बटाटे काढून झाले. तुझ्यासाठी एक पोतं तळघरात वेगळं ठेवलंय. लग्नाचं काही ठरत असेल तर दोन ठेवतो.

आता मुख्य गोष्ट. परवा जीवशास्त्रज्ञ परिषदेकडून पत्र आलं. माझ्याविरुद्ध तक्रार आहे. वनकंपनीसाठी केलेल्या २००६ सालच्या हॅगर्टी ओढ्याच्या अहवालात धबधब्याच्या वर मासे नाहीत असं मी लिहिलं होतं, ते चूक आहे म्हणे. एवढंच असतं तर मी हसलो असतो, चूक कोणाचीही होते. पण तक्रारदाराचं म्हणणं असं की अहवालात लिहिलेली पाहणी झालीच नसावी. तक्रारीची प्रत छाननी झाल्यावर पाठवणार आहेत. तोवर कोणी केली ते कळायचं नाही.

चौतीस वर्षं या खोऱ्यातले ओढे तुडवले. आपल्या धंद्यावर सरकारने नाही, आपणच लक्ष ठेवायचं, असा कायदा व्हावा म्हणून राजधानीच्या, व्हिक्टोरियाच्या किती फेऱ्या मारल्या, ते तुला माहीत आहे. आणि आता हे.

वकील म्हणतो, तुमच्या हाताखाली शिकलेल्या एखाद्या नोंदणीकृत जीवशास्त्रज्ञाकडून तुमच्या सचोटीबद्दल पत्र घ्या. तुझ्याशिवाय कोण आहे मला? पानभर पुरे. महिनाअखेरीपर्यंत पाठव.

तुझा बाप असता तर त्याने भावासाठी चार पानं लिहिली असती, आणि स्पेलिंगच्या चाळीस चुका केल्या असत्या. तू नीट लिही.

तुझा,
विबेकाका


प्रिन्स जॉर्ज,
१३ ऑक्टोबर २०१०

ती. विबेकाकांस हिल्केचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, माफ करा. सर्दीने आठवडा गेला, आणि अस्वलांनी आमच्या गल्लीतले कचऱ्याचे डबे उलटवले म्हणून नगरपालिकेने मलाच बोलावलं. जीवशास्त्रज्ञ म्हटलं की लोकांना अस्वलंच आठवतात.

गुडघ्याचं मनावर घ्या. बटाट्यांबद्दल आभार. एकच पोतं पुरेल.

परिषदेचं वाचून मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. काका, तुम्ही वकिलाशी बोलण्याआधी त्या वर्षीची पाहणीची वही काढून बघाल का? सप्टेंबरची पानं. तुम्हीच मला शिकवलंत, आठवणीवर विसंबू नकोस, वही बघ.

बाकी सगळं ठीक. जपून राहा. वाटाण्याचं सूप एकदाच पातेलंभर करून आठवडाभर खात जाऊ नका.

आपली,
हिल्के


टेल्क्वा,
२० ऑक्टोबर २०१०

चि. हिल्के हिस आशीर्वाद.

अस्वलं झाली, सर्दी झाली, सूप झालं. पत्राचं काय? मी तीनदा वाचलं, पाठकोरी बाजूही बघितली. तुझी शिफारस काही सापडली नाही. वही शोधायची गरज नाही. अहवाल आहे, त्यावर माझा शिक्का आहे.

इकडे मला वाटतं चोर सापडला. लॉइड पेंडर. या वर्षी त्या भागातलं वनकंपनीचं काम माझ्याऐवजी त्याला मिळालंय, आणि रस्त्याखालच्या मोऱ्यांच्या पाहणीसाठी तो उन्हाळ्यात हॅगर्टीला गेला होता, हे कंपनीच्याच माणसाने सांगितलं. वीस वर्षं आम्ही एका होडीत बसून मासेमारी केली. रविवारी चर्चनंतर तो कॉफीचा कप घेऊन माझ्याकडे आला, तेव्हा मी पाठ फिरवली. चार लोकांनी विचारलं, त्यांना कारणही सांगितलं. मंगळवारी त्याची बायको फर्न आलुबुखारचा मुरंबा घेऊन दारात उभी राहिली. मी दार उघडलं नाही. खिडकीतून बघत होतो. बरणी पायरीवर ठेवून ती रडत गेली.

बरं वाटलं असं नाही. पण माणसाने किती सोसायचं? समोर येऊन विचारायची हिंमत नाही आणि पाठीमागून कागद पाठवायचे.

तू पत्र पाठव. पानभर नको, अर्धं चालेल.

तुझा,
विबेकाका


प्रिन्स जॉर्ज,
२५ ऑक्टोबर २०१०

ती. विबेकाकांस सा. न.

लॉइड पेंडरने तक्रार केलेली नाही. मी केली.

हे वाक्य लिहायला मला तीन महिने लागले, आणि फर्नबाईंबद्दल वाचलं नसतं तर आणखी किती लागले असते कोण जाणे. तुम्ही आजच त्यांच्याकडे जा. मग हवं तर पुढचं वाचा.

उन्हाळ्यात लॉइडना मदतनीस हवा होता, म्हणून मी त्यांच्याबरोबर गेले होते. हॅगर्टीवर मी एकटीच गेले, ते पलीकडच्या ओढ्यावर होते. रस्त्याखालच्या मोरीचं तोंड पाण्यापासून हातभर वर लटकतंय. खालच्या डोहात ट्राउट उड्या मारत होते आणि पाइपवर आपटून परत पडत होते. मी वर चढले. मासे नाहीत म्हटल्यावर कंपनीने झाडं अगदी काठापर्यंत तोडलीत, त्यात तिचा दोष नाही, नियमाने तशी मुभाच मिळते. सावली गेली. पाणी एकवीस अंशांवर होतं, या माशांना सोसेल त्याहून गरम, आणि गढूळ. धबधब्याच्या वर एका डोहात मला सात मासे दिसले. बाकीचे डोह रिकामे होते. ते सात तिथे चार वर्षांत आलेले नाहीत, काका. हजारो वर्षांपासून तिथलेच.

घरी येऊन तुमचा अहवाल काढला. चूक झाली असेल असंच मला वाटत होतं. मग तारीख वाचली. तेरा सप्टेंबरला संध्याकाळी सापळे लावले, चौदाला सकाळी उचलले, सगळे रिकामे. तेराला आणि चौदाला तुम्ही इस्पितळात माझ्याशेजारी बसला होतात. तिनेके काकूंना सफरचंदाचा गर भरवायचा होता, तुमच्या हातातून चमचा मी घेतला. पाच दिवसांनी त्या गेल्या.

तक्रारीत मला हेही लिहावं लागलं. काकूंचं मरण मी पुरावा म्हणून वापरलं. चमच्याचं लिहिलं नाही, पण तारखा लिहिल्या.

आचारसंहिता सांगते की दुसऱ्या सभासदाचं असं काही कळलं तर आधी त्याच्याशी बोला, मग कळवा. मी कळवलं, बोलले नाही. जुलैत तुमच्याकडे दोन दिवस राहिले, रासबेरी खुडल्या, तुमच्या हातचं खाल्लं, आणि माझ्या पिशवीत तो अहवाल होता. प्रत्येक जेवणाला वाटायचं, आता विचारावं. पण तुम्ही ‘हिल्के, सोडून दे’ म्हणाला असतात, तर मी सोडून दिलं असतं. त्याची भीती वाटली. ऑगस्टमध्ये टपालात टाकलं.

शिफारसपत्र मी देऊ शकत नाही. तुमच्याइतका चांगला शिक्षक मला मिळाला नाही, हे कोणीही विचारलं तर सांगेन.

प्रत तुमच्याकडे येण्याआधी हे पोचावं एवढीच इच्छा आहे. पुढचं काही मागायचा मला अधिकार नाही.

हिल्के


टेल्क्वा,
२ डिसेंबर २०१०

चि. हिल्के,

तुझं पत्र आणि परिषदेचा लिफाफा एकाच दिवशी आले. मी लिफाफा आधी उघडला. नाव शेवटच्या पानावर होतं, पण दुसऱ्या परिच्छेदातच मला कळलं. आधी तारीख, मग वेळ, मग पाण्याचं तापमान, आणि मत सगळ्यात शेवटी. असं लिहायला मी एकाच माणसाला शिकवलंय.

पाच आठवडे उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर तुला जपून ठेवावंसं वाटलं नसतं.

लॉइडकडे त्याच दिवशी गेलो. दारातच सांगितलं. फर्नने कॉफी दिली. मग चर्चमध्येही सगळ्यांसमोर सांगितलं, कारण बोललो होतो तेही सगळ्यांसमोरच. लॉइड अजून माझ्याशेजारी बसत नाही. फर्न बसते.

वही काढली. सप्टेंबरचं ते पान कोरं आहे. मी ती तशीच शिस्त समितीपुढे ठेवली. वकील सांगत होता की पत्नीचं आजारपण मांडा, दुःखात झालेली चूक म्हणून सौम्य होईल. मी नको म्हटलं. तुलाही खरं काय ते कळायला हवं. कंपनीच्या माणसाचा फोन मी इस्पितळाच्या व्हरांड्यात घेतला. त्यांची माणसं खोळंबली होती. मासे आहेत का, एवढंच त्याने विचारलं. मी म्हटलं, नाहीत. आत आलो तर तिनेकेने विचारलं, तुला कामाला जायचंय का? मी तिलाही सांगितलं, काम झालंय. तिच्याशी बोललेलं ते माझं जवळजवळ शेवटचं वाक्य.

इथपर्यंत दुःख म्हणता येईल. पण ती गेल्यानंतर पूर्ण ऑक्टोबर होता. रस्ता कोरडा होता, गुडघा चांगला होता, सापळे ट्रकमध्येच पडून होते. झाडं डिसेंबरात तोडली. मी जाऊ शकत होतो. गेलो नाही, कारण एकदा लिहून झालं होतं, आणि गेलो असतो तर मासे सापडले असते.

समितीचे तिघेही सभ्यपणे वागले. त्यांतल्या एकाला मी पहिली नोकरी दिली होती. तो निकाल वाचताना वर बघत नव्हता. मी सगळं कबूल केलं. नोंदणी रद्द झाली, शिक्का परत दिला, नावासकट निकाल छापणार आहेत. कंपनीला कळवलंय; मोरी काढून तिथे पूल टाकायचं ते बोलत आहेत. झाडं उभी राहायला साठ वर्षं.

कागद पाठवलेस ते बरोबर केलंस. हे लिहायला मला त्रास होतोय, पण लिहितो. जुलैचं मात्र मी माफ केलेलं नाही. दोन दिवस तू माझ्या टेबलाशी बसलीस. मी ‘सोडून दे’ म्हणालो नसतो असं छातीवर हात ठेवून सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. सांगता येत नाही. तरीही, विचारायला हवं होतंस.

आणखी एक. समितीने फक्त हॅगर्टीबद्दल विचारलं होतं. त्यानंतरच्या वसंतात मी आणखी दोन ओढे असेच, नकाशा बघून लिहून दिले होते. त्यांची नावं मी आपण होऊन दिली. परिषद कोणाला तरी बघायला पाठवणार आहे. ते काम तू मागून घे. पहिल्यात मासे नसतील असं मला वाटतं. दुसऱ्यात आहेत. मला तेव्हाही ठाऊक होतं.

नाताळला ये. लोभ तुटलेला नाही आणि रागही गेलेला नाही. तुझ्याकडचं जे असेल तेही घेऊन ये.

विबेकाका