कोळीण आधी, बांगडे मग

१० नोव्हेंबर, सोमवार
सपना मॅडमनी मीटिंगमध्ये सांगितलं, आमच्या टीममधल्या एकाला भिवंडीच्या गोडाउनला पाठवणार. दहिसरहून भिवंडी! जाऊन-येऊनच माणूस खलास. पण मला कसली भीती? सगळ्यात सीनियर मीच. फक्त SQL, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या नोंदींना प्रश्न, म्हणजे क्वेरी, विचारायची भाषा, तिच्यातली ती सबक्वेरी तेवढी यायला हवी. क्वेरीच्या पोटात कंस, कंसात दुसरी क्वेरी. उद्या पहाटे उठून संपवून टाकतो.

११ नोव्हेंबर, मंगळवार
पहाटेचं राहिलं. अंथरुणात पडूनही विचार करता येतो, असं वाटलं होतं. झोप लागली.
ऑफिसात अक्षताने समजावलं. नवी मुलगी. म्हणे, काका, आतला कंस आधी सुटतो, त्याचं उत्तर बाहेरच्या क्वेरीला मिळतं. म्हटलं, माहितीये गं. काहीही कळलं नव्हतं. वर ते 'काका'.
आजचा रिपोर्ट अभ्यासामुळे राहिला.

१२ नोव्हेंबर, बुधवार
बायकोने, जानकीने, बजावून बाजारात पाठवलं होतं, आपली नेहमीची कोळीण बसली असेल तरच बांगडे आणा. मी बांगडे घेतले आणि मग कोळीण शोधली. ती आलीच नव्हती. पिशवी उघडताच बायकोने नाक धरलं. म्हणाली, आदी कोळीण बघूची, मगे बांगडे घेऊचे, इतक्यां कळणा नाय?
रात्री पिठलं खाताना ट्यूब पेटली. आत कोळीण, बाहेर बांगडे. हीच सबक्वेरी! जानकीला सांगितलं नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
दमलोय. क्वेरी चालवली, एरर. कंस बंद करायचा राहिला होता, बाकी सगळं बरोबर. टीममधल्या मुकुलची कीव येते. बिचारा मुलुंडला राहतो, बहुतेक तोच जाणार भिवंडीला.
तुंबलेले रिपोर्ट उद्या नक्की.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
भिवंडीला कोण, ते ठरवायची क्वेरी मॅडमनी मलाच लिहायला सांगितली. टीमचे रिपोर्ट सरासरी किती उशिरा जातात ते काढा आणि त्याहून जास्त उशीर करणाऱ्यांची नावं द्या. आत सरासरी, बाहेर नावं. पहिल्या फटक्यात चालली. आयुष्यात पहिल्यांदा.
एकच नाव आलं. अनंत परब.
परत चालवली. परत मीच. अक्षताला तपासायला लावली. काका, झकास, एकदम करेक्ट, म्हणाली. माझ्या एकट्याच्या उशिराने सरासरीच इतकी वर गेली, की बाकीचे सगळे तिच्याखाली सुखरूप. मुकुलसुद्धा. फार वाईट वाटलं.
घरी जानकीने विचारलं, जमलां?
म्हटलं, जमलं. सोमवारपासून डबा जरा लवकर लागेल.