त्या म्हातारीला मी बाहेर काढलेलं नाही

बरवा अल बराहा, दोहा
गुरुवार, ड्युटीवरून आल्यावर

आदरणीय आबासाहेब दाजी यांना,

तुमचा मेहुणा शहाजी याचा, बसच्या स्टिअरिंगवरून सोडवलेल्या दोन्ही हातांनी नमस्कार. तुमची पाठ आता कशी आहे? ऊस कारखान्याला गेला का, की अजून तोडीची वाट बघताय? संजीवनी अक्काला सांगा, तिचे गुडघे दुखतात म्हणून बाम पाठवतोय. आमची आई आठवड्यापासून तुमच्याकडे आहे, ती मजेत असेलच. (ती मजेत असणं हीच माझी अडचण आहे, पण ते ओघाने येईल.)

फोन असताना हा गडी पत्र कशाला लिहितो, असं तुम्ही म्हणाल. पण दाजी, घात फोननेच केला आहे. तुमच्या घरी फोन उचलला की अक्का स्पीकर लावते, आणि स्पीकरशेजारी आई बसलेली असते. आमच्या खोलीतला करमाळ्याचा चेतन सुट्टीवर निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देतोय. घरात उघडू नका. विहिरीवर नेऊन वाचा.

आता मूळ मुद्दा, म्हणजे मालिका. आमच्या इथे संध्याकाळचे साडेपाच झाले की तुमच्याकडे आठ वाजतात. तोवर मी लुसैलच्या साइटवरून माणसं आणून सोडतो, हातपाय धुतो आणि मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवतो. मालिकेचं नाव लिहीत नाही, कारण घर, सून आणि सौभाग्य यातले कुठलेही दोन शब्द घेतले की नाव तयार होतं. मी ती बघतो ते ममतासाठी. नवराबायकोने रोज फोनवर बोलायचं तरी काय? जेवलीस का, जेवले. ऊन आहे का, आहे. खलास. तीच मालिका दोघांनी पाहिली की मग तासभर बोलणं पुरतं, आणि भांडण झालंच तर ते दुसऱ्यांच्या घराबद्दल होतं.

त्यात ईरा नावाची सून आहे. ती झोपतानासुद्धा नथ काढत नाही. घरची करोडोंची कंपनी आहे, पण कंपनीत कुणी जात नाही. सगळे दिवसभर जिन्याखाली उभे राहून एकमेकांकडे बघतात आणि कॅमेरा प्रत्येकाच्या तोंडावर तीन तीनदा जातो. (आमच्या फोरमनने मला असं एक दिवस नुसतं उभं राहू दिलं असतं, तर मीही नथ घातली असती.) माझ्या वरच्या कॉटवर नेपाळचा कुशल असतो. त्याला मराठीतलं ओ की ठो कळत नाही, तरी तो वरून सांगतो, "अब बुढिया दूध में कुछ डालेगी," आणि सासू खरोखर दुधात काहीतरी टाकते. रविवारी आम्ही गाण्याची स्पर्धा लावतो. तिथे आधी पोराचं गळकं घर दाखवतात, मग आजारी बाप, मग परीक्षक डोळे पुसतात. एकदा कुशलने विचारलं, "ये लडका गाता भी है क्या?" तेवढ्यात कार्यक्रमाची वेळच संपली.

मध्यंतरी ईराचा दीर आखातातून आला. पांढरा सूट, काळा चष्मा, मागे चार बॅगा, आणि आल्या आल्या गहाण पडलेला बंगला सोडवून मोकळा. आमच्यातला बिहारचा अरहान हसून हसून कॉटवरून खाली यायचा राहिला. आम्ही आखातातून येतो तेव्हा खोक्याला दोरी बांधलेली असते, आत टँग, बाम, टॉर्च आणि ब्लँकेट. वजन जास्त भरलं तर ते ब्लँकेट विमानतळावर अंगावर घ्यावं लागतं, बाहेर कितीही ऊन असो. तो दीर आल्यापासून गल्लीतल्या बाया ममताला विचारतात, "तुजा मालक कवा सूट घालून येनार गं?" सूटवाली माणसं मला रोज दिसतात, दाजी, पण बसच्या काचेतून.

आणि सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते खांबाआडच्या माणसामुळे. कुणीतरी काहीतरी बोलतं, दुसरं कुणीतरी खांबाआडून अर्धंच ऐकतं आणि घर सोडून जातं. अरे बाबा, थांबून एक वाक्य विचार की! विचारलं तर मालिका संपेल ना. असली अडाणी माणसं फक्त टीव्हीतच असतात, असं मी खोलीत छातीठोकपणे सांगत होतो.

गेल्या गुरुवारी सासूने ईराच्या आईचा अपमान केला. माझं टाळकंच सरकलं. भाग संपल्या संपल्या ममताचा फोन आला. तिने फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला होता, कारण हात पिठात. ती म्हणाली, "काय करावं वो ह्या बाईचं?" मी इकडून ओरडलो, "काय करायचं म्हंजे? त्या म्हातारीला आदी घराबाहीर काड! कमरंच्या चाव्या काडून घी! लई दिस सोसलं आपण!"

दाजी, त्याच वेळी आमची आई शेरडं बांधून आत येत होती. कमरेला चाव्या.

चाव्या काढून तिने टीव्हीवर ठेवल्या, पिशवी भरली आणि तुमच्या टेंभुर्णीची शेवटची एसटी धरली. ममता पिठाच्या हातांनी स्टँडपर्यंत पळत गेली आणि म्हणाली, आत्या, ते सिरेलीतल्या सासूला म्हनले. आई खिडकीतून म्हणाली, "सिरेलीतली सासू बरी बाई, तिला पगार तरी मिळतोय." तेव्हापासून मी जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ कॉल लावतो, तर ती कॅमेरा छताकडे करते. तुमच्या घराचे पत्रे मला आता पाठ झालेत.

मला वाईट वाटतं ते वेगळंच आहे. घर सोडल्याला इतकी वर्षं झाली, की आईला मी म्हणजे फोनमधला आवाजच. त्या आवाजातून जे येईल ते तिला खरं वाटणार. तर दाजी, तुम्ही थोरले, तुमचा शब्द ती मोडत नाही. तिला समजावून घरी आणून सोडा. मी हात जोडतो.

तुमचा, आखातातला पण सूट नसलेला मेहुणा,
शहाजी

ता. क. चेतनचं विमान उद्या असल्यामुळे पाकीट उघडंच होतं. आत्ताच ममताचा फोन आला. ती म्हणते, आत्याबाईंना सगळं कळलंय, राग बिग काही नाही. त्यांची देवीची मालिका दुसऱ्या चॅनेलवर आठलाच लागते आणि आमच्याकडे त्या वेळी रिमोट ममताकडे. तुमच्याकडे आठला टीव्ही मोकळा असतो, म्हणून मुक्काम लांबलाय. तेव्हा वरचं समजावणं वगैरे राहू द्या. गुपचूप डिशची वायर उपटा आणि उंदराने खाल्ली म्हणून सांगा. ती दोन दिवसांत घरी येते, इन्शाल्ला.

ता. क. दुसरा. वायर उपटू नका. खात्री करावी म्हणून अक्काला तिच्या फोनवर मेसेज टाकला होता, तिचं उत्तर आलं. ती म्हणते, आई आठला टीव्ही लावतच नाही. अक्काचा फोन मांडीवर घेऊन ओसरीवर बसते आणि म्हणते, "शहाज्या आता खोलीवर आला आसंल. घरी ह्या वक्ताला फोन ममताकडंच असायचा, माजी पाळीच न्हाय यायची." आणि मी वेडा तिला दुपारी फोन करत होतो, कारण आठला मालिका असते.

उद्यापासून आठ वाजता मी तिलाच फोन लावणार, तेवढा तो तिच्या हातात असू द्या. ममताशी नंतर बोलेन. भागात काय झालं ते कुशल बघून सांगेल. त्याला मराठी येत नाही, पण त्यावाचून त्याचं अजून काही अडलेलं नाही.