सलीमभाईंचा दात

अकोला, मंगळवार, संध्याकाळ

दवाखाना बंद करून घरी आले, पण सलीमभाईंचा दात डोक्यातून जात नाही. दर्यापूरच्या बँडमध्ये ते क्लॅरिनेट वाजवतात. क्लॅरिनेट वरच्या पुढच्या दातांवर टेकवावं लागतं, आणि नेमका त्यांतल्याच एकावर काळा ठिपका. बाहेरून केवढासा! ड्रिल लावलं तर कठीण कवचाखाली पोकळी, आतला थर भिजल्या खडूसारखा मऊ. कीड दाताच्या आतल्या शिरेपर्यंत पोचायला कागदाएवढं अंतर उरलेलं.

"मॅडम, हा दात गेला त मी वाजवू कसा? दुसरं काईच येत नाही मले."

शीर जिवंत राहिली तर दात जास्त टिकेल, म्हणून शिरेवरचा शेवटचा पातळ किडका थर खरवडलाच नाही. औषध घालून वरून बुजवलं. चुकलं का माझं? सरळ रूट कॅनल करायला हवं होतं? तो एवढासा ठिपका...

आत्ता त्यांचा फोन आला.

"वाजवून पाह्यलं मॅडम. दुखून नाही राह्यलं. पन भेव वाटते, सूर दबकत निघते."

"भिऊ नका. नेहमीसारखं वाजवा."

फोनवरच त्यांनी एक लांब सूर धरला. तो संपेपर्यंत मी खुर्चीची पाठ घट्ट धरून उभी होते.