शेवटची फोड

बेसा, १२ नोव्हेंबर
ती. रुपरावकाकांस,
मिनलचा शि. सा. नमस्कार.

आमची अख्खी बेसा वस्ती गार ठेवणाऱ्या थंड हवेच्या छत्राशेजारी आता दुसरं छत्र बसतंय. छत्राखालची गरम हवा मात्र कुठेतरी सोडावीच लागते. त्यासाठी लांब, नदीकाठी मनोरा हवा. ऑफिसात जो तो आपापलं गाव वाचवू लागला, तेव्हा मी तुमचा नियम काढला: टरबूज कापेल त्याने शेवटची फोड घ्यायची, म्हणजे सुरी आपोआप सरळ चालते. नकाशा आणि गावांची नावं झाकायला लावली. समोर फक्त घरं किती, पाणी किती. आपलं गाव कुठलं हेच कळेना, मग सगळे शहाण्यासारखे वागले! जागा एकमताने ठरली. नावं सोमवारी उघडतील. तुमच्या नागरिकशास्त्राच्या तासाला मी झोपायची, ते आता तरी माफ करा.

काकूला नमस्कार. माया आहे तशीच राहू द्या.
तुमची मिनल

खापा, २ डिसेंबर
चि. मिनलला अनेक आशीर्वाद.

झोपायचीस खरी, पण नियम बरा लक्षात ठेवलास. उघडलेलं नाव आपल्याच खाप्याचं निघालं, हे तू कळवलं नाहीस. कन्हानच्या पात्रात, आपल्या टरबुजांच्या वाडीत खुंट्या ठोकायला आलेल्यांनी सांगितलं. रडत बसली असशील. तुझी काकू म्हणते, पोरीले बोलू नका, तिनं काय जाणूनबुजून केलं का.

बोलत नाही. पण मास्तर आहे, चूक दाखवतो. गावांची नावं झाकलीत, पण ठरवणारे सगळे छत्राखाली राहणारे, हे कुठे झाकलं होतं? गर तुम्ही आधीच काढून ठेवला आणि सालींची वाटणी न्यायाने केली. तीही माझ्या नियमाने, याचं फार वाईट वाटतं.

वेळेवर जेवत जा. लोभ आटू देऊ नकोस.
तुझा काका

बेसा, २० एप्रिल
ती. काकांस शि. सा. नमस्कार.

तुमचं म्हणणं साहेबांना सांगितलं. ते मला म्हणाले, नियम तुमचाच होता, गावाचं नाव कळल्यावर घेतलेली हरकत म्हणजे पक्षपात. तरी मी वरपर्यंत अर्ज केले, कुणी हललं नाही. मेअखेर नवतपाचे नऊ दिवस भाजायला लागायच्या आत मनोरा सुरू होणार.

तुम्हा दोघांना इकडे आणावं म्हटलं, तर कर्मचाऱ्यामागे एकाच नातेवाइकाला छत्राखाली राहायचा पास. तो पास या पत्रासोबत आहे, नावाची जागा कोरी. कोणाचं लिहू? काका, मला नाही जमत. इतकी लाचार मी कधीच नव्हते.

रागवा, पण अंतर देऊ नका.
मिनल

खापा, २६ मे
चि. मिनलला आशीर्वाद.

मनोरा सुरू झाला. अंगणातल्या निंबाची पानं करपून गळाली, कूलर गरम हवाच फेकतो. वेलीवरची टरबुजं जागच्या जागी उकडली. शेजारची उत्तरा लेकरं घेऊन माहेरी गेली, पण सगळ्यांना कुठे माहेर असतं?

पासवर तुझ्या काकूचं नाव लिहिलंय, परवा ती बसने पोचेल. ती हटूनच बसली होती, म्हणे म्हाताऱ्याले पाणी कोण देईन. मी म्हटलं, माझा पास मागून येऊन राहिला. तेव्हा कुठे पिशवी भरली. खोटं मी एकदाच बोललो, तुला ते रोज बोलावं लागेल. सांभाळून घे.

एक टरबूज पाल्याखाली वाचलं होतं, ते तिच्यासोबत देतोय. दोघी मिळून खा. वाटणी या खेपेला मी केलीय, तेव्हा शेवटची फोड माझी.

सुखी राहा, काकूला जीव लाव.
तुझा काका