‘मोअर’ या एका शब्दापायी

ती. दादा,

सप्रेम नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे आम्ही ठीक. म्हणजे मी बोलतो आणि तुमची बहीण ‘बरोबर आहे’ म्हणते. पंचवीस वर्षांच्या संसारात तिला माझं काही बरोबर वाटल्याचं आठवत नाही, म्हणून हे पत्र लिहायला बसलो.

तुम्ही इंग्रजी संभाषणाचं पुस्तक पाठवलंत, त्याची ही फळं. आमच्या धुलाई कारखान्यात नवे साहेब आलेत, ते इंग्रजीशिवाय शिंकतही नाहीत. मुकादम म्हणून मलाही मीटिंगला बसवतात. मी आपला ‘आय ॲम ॲग्री’ म्हणायचो आणि टायपिस्टबाई खाली बघून हसायच्या. पुस्तकानं शहाणं केलं. ‘व्हेरी ॲग्री’ म्हणायचं नाही, ‘टोटली ॲग्री’, ‘स्ट्राँगली ॲग्री’ म्हणायचं. आणि सगळ्यात उंची माल म्हणजे ‘आय कुडन्ट ॲग्री मोअर’. (दिसायला नकार, आतून शंभर टक्के होकार. आमच्या घरात नेमकं उलट चालतं.) दाढी करताना, चादरींचे गठ्ठे उतरवताना महिनाभर घोकलं.

परवा साहेबांनी इस्त्री करून घड्याही घालणाऱ्या यंत्राचं चित्र दाखवलं. ते आलं की इस्त्रीच्या टेबलावरच्या नऊ बायकांना घरी बसवायचं, म्हणाले. त्या टेबलावर अठरा वर्षं हात पोळून घेणारी कोण, हे तिच्या भावाला सांगायला नको. साहेब माझ्याकडे वळले. ‘आय कुडन्ट ॲग्री’, म्हणजे सरळ नकार, एवढंच म्हणून मी खाली बसणार होतो. पण सरावलेली जीभ घसरली, तिनं ‘मोअर’ जोडून टाकलं! साहेबांनी पाठ थोपटली. टायपिस्टबाई या खेपेला हसल्या नाहीत.

घरी येऊन सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती. “नाही म्हणायला इंग्रजी कशाला हवं होतं? नुसती मान हलवायची,” म्हणाली. मी म्हटलं, अगं, चुकून झालं. “बरोबर आहे.” तेव्हापासून एवढंच. आमटी अळणी झालीय म्हटलं, तरी बरोबर आहे.

तुमच्या बहिणीचा नवरा (अजून तरी)

ता. क. जीभ घसरली असं वर लिहिलंय. घसरली नव्हती. ‘ॲग्री’पाशी मी नीट थांबलो होतो. साहेबांच्या भुवया वर गेल्या, तेव्हा ‘मोअर’ म्हणालो.

आणखी ता. क. रविवारच्या गाडीनं ती तुमच्याकडे येते आहे. परतीचं तिकीट काढलेलं नाही. माझ्याबद्दल ती जे सांगेल ते खरंच असेल. तरी दादा, हात जोडतो, लगेच हो म्हणू नका.